दुसरी नोंद

औषधांच्या गोदामात सगळे त्यांना गुरुजी म्हणत, कारण जेवणाच्या सुट्टीतही पुस्तक नाकासमोरून हलत नसे. काम मात्र कॉम्प्युटरचं. चौघांचं दिवसभराचं काम ते एका ओळीत बसवत. एका कमांडचं उत्तर पुढची कमांड उचली आणि ओळ मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाई.

त्या दिवशी अकराला आगीची रंगीत तालीम होती. आत किती माणसं, याची फाटकावर कार्ड टेकवून होणारी यादी आणि अंगणातली डोकी जुळायला हवी होती. मागच्या खेपेला जुळली नव्हती. पुन्हा चुकलं तर गोदामाला टाळं, असं तपासनीस बजावून गेला होता.

"यादीत त्रेसष्ट, गुरुजी. मी डोकी मोजून आले, बासष्ट," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तुमचं यंत्र हवासुद्धा मोजतं की काय?"

गुरुजींनी ओळ लिहिली: बाहेर न जाता दोनदा आत आलेलं कार्ड शोध.

एकच नंबर आला. त्यांचाच. नऊ वाजून दोन मिनिटं, आणि नऊ चाळीस.

बस चुकल्यामुळे ते नऊ चाळीसला आले होते. कार्ड तोवर खिशातच होतं. त्यांनी फाटकावरच्या कॅमेऱ्याचे फोटो उघडले. दोन्हींत ते स्वतःच. तोच सदरा, काखेत तेच पुस्तक. फक्त नऊ-दोनच्या फोटोत खुणेची चिठ्ठी शेवटच्या पानांत होती. गुरुजी अजून निम्म्यावर होते.

"डबल आहे ना? मग पहिली नोंद ठेवा, दुसरी पुसा. नेहमीसारखं."

"बाई, पण मी... दुसऱ्या वेळचा आहे."

"अहो, माणूस एकच ना? आटपा, पाच मिनिटं राहिलीत."

सवयीप्रमाणे त्यांनी आधी कॉम्प्युटरला, काय पुसलं जाईल ते नुसतं दाखवायला सांगितलं. नऊ चाळीस. बोट अडखळलं. पण आपलंच काहीतरी चुकत असेल, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं.

त्यांनी एंटर दाबलं.

अंगणात गुरुजी ड्रायव्हर आणि स्टोअरकीपरच्या मधे उभे राहिले. बाई यादी वाचू लागल्या. गुरुजींचं नाव आलं. त्यांनी तोंड उघडलं.

"हजर," मागच्या रांगेतून आवाज आला.

त्यांचाच.

बाईंनी मान वर न करता खूण केली. मग बोटाने डोकी मोजली. बोट ड्रायव्हरवरून थेट स्टोअरकीपरवर गेलं.

"बासष्ट. बरोब्बर! ए, मधे जागा कशाला सोडलीय? सरकून घ्या."

स्टोअरकीपर सरकला. त्याचा खांदा गुरुजींना लागला नाही.