कपाळावरची निळी रेघ

"कान सोड! आधी कान सोड!" मावशी ओरडली. "तुला कुणी कानाला धरून ओढलं तर आवडेल का रे?"

भोपळ्याने दचकून शेळीचा कान सोडला. शेळीला अजून औषध पाजलेलंही नव्हतं, तरी तिने अशी बोंब ठोकली, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"शेळ्या असतातच नाटकी," वकील म्हणाला.

"तुझीच भावंडं ती!" टिटवीने लगेच सुनावलं.

टिटवी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ भोपळ्या सुट्टीत मावशीकडे आले होते. टिटवीचा आवाज एका माळावरून दुसऱ्या माळावर पोहोचायचा, म्हणून ती टिटवी. भोपळ्या का भोपळ्या, ते त्याच्याकडे पाहिलं की कळायचं. आणि वकील हा मावशीचा मुलगा. सूर्य पूर्वेला उगवतो असं म्हटलं तरी तो "पुरावा काय?" असं विचारायचा. मावशीच्या मेंढवाड्यात मेंढ्याही होत्या आणि शेळ्याही, आणि आज सगळ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं.

"बघा, कसं धरायचं," मावशी म्हणाली. तिने एका मेंढीला हळूच कोपऱ्यात नेलं. मेंढीचा मागचा भाग भिंतीला, मावशीचा गुडघा तिच्या खांद्याला, आणि डावा तळवा हनुवटीखाली. "लोकर ओढायची नाही, आत कातडीवर रक्त साकळतं. शिंग धरून फरफटायचं नाही. आणि मान सरळ. गळा दिसेल इतकी वर नाही." तिने पिचकारीची नळी तोंडाच्या कडेने आत सारली, सावकाश औषध सोडलं, मेंढीने गिळेपर्यंत थांबली आणि मग हात काढला. मेंढी सुटून पळाली तशी मावशीने तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर निळ्या खडूची रेघ ओढली. रेघ म्हणजे हिला औषध मिळालं.

"एवढं लाडात कशाला घ्यायचं?" बाजेवर पडल्या पडल्या मामा म्हणाला. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. मुलांचा अगदी लाडका! शिट्ट्या करून द्यायचा, पतंगाला शेपूट लावून द्यायचा, हसवून हसवून पोट दुखवायचा. कामाचं नाव काढलं की मात्र त्याची कंबर धरायची. "माझ्या हातात दे, जेवणाच्या आत सगळ्या उरकतो!"

"तू नकोच," मावशी म्हणाली.

शेळ्या झाल्या, निम्म्या मेंढ्या झाल्या, आणि सांडलेला खडू उचलायला मावशी खाली वाकली. तेवढ्यात थोरल्या एडक्याने मागून धडक मारली. मावशी हातावर पडली, आणि मनगटातून आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. टिटवी आणि वकील मावशीला धरून बसले. भोपळ्या घरी मामापाशी राहिला. गाडी निघताना दुखणं दातांखाली दाबून मावशी मामावर ओरडली, "उरलेल्यांना हात लावू नकोस! एकट्याचं काम नाही ते!"

हाताला प्लास्टर घालून ती परतली तेव्हा दिवस कलला होता. मामा दारातच उभा होता. "उरकल्या!" तो छाती फुगवून म्हणाला. "सगळ्या! एकट्याने!"

दुसरा दिवस असता तर मावशीने त्याची चांगली हजेरी घेतली असती. पण हाताचे ठणके तिला सोसवत नव्हते. ती काही न बोलता आत जाऊन पडली.

दोन दिवसांनी पहिली मेंढी मेली.

आधी ती कळपापासून बाजूला उभी राहिली. मान खाली, नाकातून पांढुरका शेंबूड, श्वास घेताना घरघर. सकाळी पाहिलं तर पाय ताठ झालेले. त्याच दिवशी आणखी एक गेली, आणि मग एकीमागून एक दुसऱ्या खोकू लागल्या. हसतं-खेळतं घर एकदम गप्प झालं. मावशी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून वाड्याच्या दाराशी बसून राहायची. गुरांच्या डॉक्टरीणबाई लांब कुठेतरी साथीच्या कामावर होत्या. त्या उद्या दुपारी येतील, असा निरोप आला.

"असं झालं तरी काय अचानक?" मावशीने विचारलं.

मामा जमिनीकडे बघत होता. "ह्याने पाला घातला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी. मागच्या कुंपणाचा."

सगळ्यांनी भोपळ्याकडे पाहिलं.

"मी... त्यांना भूक लागली होती," भोपळ्या म्हणाला. "मामाच म्हणाला, जा, मागे जाऊन पाला तोड. बराच वेळ लागला तरी चालेल म्हणाला."

"कुठला तोड, ते नव्हतं सांगितलं," मामा म्हणाला. "विषारी असणार एखादा. लहान आहे, त्याला कोण काय बोलणार!"

कुणीच त्याला रागावलं नाही, आणि तेच वाईट झालं. भोपळ्या उठला आणि हौदावर जाऊन हात धुऊ लागला. साबण लावून, घासून. रात्री त्याने ताट बाजूला सारलं. भोपळ्याने ताट सारलं! एरवी टिटवीने त्याला चिडवून जीव नकोसा केला असता. आज तिने ते ताट झाकून ठेवलं.

"रड तरी," ती अंथरुणात त्याला म्हणाली. "मोकळं वाटेल."

"मारणाऱ्याने रडायचं नसतं," भोपळ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

त्याने खरंच मारल्या असतील तर? हा प्रश्न टिटवीच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. जन्मभर हा असाच हात धूत राहील, एवढंच तिला दिसत होतं.

सकाळी ती वकिलाला घेऊन वाड्यात गेली. "तू सारखा पुरावा पुरावा करतोस ना? मग आता शोध!"

वकील कुंपणाला टेकला. "पाला सगळ्यांनी खाल्ला असणार. शेळ्या तर पाल्यावर आधी तुटून पडतात. मग एकही शेळी आजारी कशी नाही?"

"शेळ्यांचं पोट दणकट असतं म्हणे."

"बरं. मग मेंढ्यांतल्या निम्म्याच का?" त्याने एकदम तिचा दंड पकडला. "टिटवे, त्या खोकणाऱ्या बघ. रेघ कुठे आहे त्यांची?"

टिटवीने पाहिलं. धडधाकट मेंढ्यांच्या पुठ्ठ्यावर निळी रेघ होती. खोकणाऱ्यांच्या पुठ्ठ्यावर काहीच नव्हतं. त्यांची रेघ कपाळावर होती, दोन डोळ्यांच्या मधोमध. दोघं धावत मागे गेली. रात्री मेलेली मेंढी पोत्याखाली झाकून ठेवलेली होती. टिटवीने डोळे अर्धे मिटून पोतं उचललं. तिच्याही कपाळावर निळी रेघ!

"आई बाजूने धरते," वकील म्हणाला. "मेंढी सुटली की मागून रेघ मारते. कपाळावर मारायची तर समोर उभं राहावं लागेल. आणि समोर उभं राहून मेंढी धरायची कशी? ती मागे सरकून पळून जाईल!"

"म्हणजे तिला दुसऱ्या कुणीतरी धरलं होतं."

"कुणी? मामा एकटा होता, भोपळ्याला तर त्याने मागे पिटाळलं होतं!"

टिटवी खाली बसली. तिला मेंढीला हात लावायचा नव्हता, तरी तिने लावला. हनुवटीखाली बोटं फिरवली. तिथली लोकर घासून गेली होती आणि कातडी सोलवटली होती. तिने मान वर करून वाड्याच्या छपराकडे पाहिलं. "कुणीतरी नाही, वकिला. कशानेतरी."

शोधता शोधता त्यांना वाड्याच्या माळ्यावर एक पट्टा सापडला, रिकाम्या पोत्यांच्या मागे कोंबलेला. घोड्याच्या जुन्या जिनाचा चामडी पट्टा, एका टोकाला फास. फासात लोकर अडकलेली. वरच्या तुळईवर धूळ होती, पण एका जागी ती पुसली गेली होती आणि लाकूड घासून उजळलं होतं. वकिलाने पट्टा तिथून सोडून पाहिला. फास टिटवीच्या कपाळाच्याही वर आला.

"एवढा उंच? मेंढीचे पुढचे पाय जमिनीला टेकले तरी असतील का?"

टिटवी बोलली नाही. तिने डब्यातलं पाणी घेतलं, एक घोट तोंडात धरला, मान मागे ताणून पार छपराकडे तोंड केलं आणि गिळायला गेली. दुसऱ्या क्षणी ती वाकून खोकत होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि श्वास मिळेना! वकील घाबरून तिच्या पाठीवर थापा मारत होता.

"खाली नाही गेलं," ती घरघरत्या आवाजात म्हणाली. "भलतीकडेच गेलं. वकिला, मला तर खोकता आलं. त्यांचं तोंड पट्ट्यात आवळलं होतं."

बाहेर हातगाडीचा आवाज आला. मामा मेलेल्या मेंढीवरचं पोतं काढत होता.

"मामा, डॉक्टरीणबाई येऊ देत की!" वकील म्हणाला.

"रोग पसरेल. आत्ताच पुरायला हवी." मामाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

टिटवीने पट्टा पाठीमागे धरला होता. आता दाखवला तर मामा तो हिसकावेल आणि विहिरीत टाकेल, हे तिला कळत होतं. बाईंना मेंढी दिसली पाहिजे, मगच पट्टा बोलेल. तिने वकिलाला डोळा घातला.

"मामा, कुदळ शेजारच्यांकडे आहे," वकील म्हणाला. सरळ थाप! मामा शेजाऱ्यांकडे गेला तोवर खरी कुदळ गवताच्या गंजीत शिरली. तो चडफडत परतला तेव्हा फावडंही गायब होतं. शेवटी तो म्हणाला, गाडीवरून नेऊन ओढ्याच्या खड्ड्यातच टाकतो. पण गाडीच्या चाकात हवा नव्हती. हवा कशी असेल? चाकाचा वॉल्व्ह टिटवीच्या मुठीत होता!

"कार्ट्यांनो!" मामा गरजला. "हा काय पोरखेळ लावलाय?"

"पोरखेळ नाही," टिटवी म्हणाली. ती मेंढीच्या शेजारी मातीत बसली. वकील दुसऱ्या बाजूला बसला. माशा घोंघावत होत्या, वास येत होता. मामा पुढे झाला, थबकला, पुन्हा पुढे झाला. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली.

डॉक्टरीणबाई बोलघेवड्या नव्हत्या. त्यांनी हातमोजे चढवले, मावशीला मुलांना मागे घ्यायला सांगितलं आणि मेंढी चिरली. मावशीबरोबर आलेल्या भोपळ्याचा हात टिटवीने घट्ट धरला.

"पोटात पाला आहे," बाई म्हणाल्या. भोपळ्याने श्वास रोखला. बाईंनी थोडा पाला चिमटीत धरून पाहिला. "साधा आहे. ह्याने काही होत नाही." मग त्यांनी फुप्फुसं दाखवली. ती गुलाबी नव्हती. पुढचा, खालचा भाग काळपट आणि घट्ट झाला होता, नळीत फेस होता. "रोग नाही हा. बाहेरचं काहीतरी फुप्फुसात उतरलंय. औषध पाजलं होतं का हल्ली? कुणी पाजलं?"

"मी," मामा म्हणाला. "नेहमीसारखंच."

टिटवीने पट्टा पुढे केला. काही सांगावं लागलं नाही. बाईंनी फास पाहिला, त्यातली लोकर पाहिली, मेंढीची हनुवटी पाहिली आणि मग वाड्याच्या उघड्या दारातून आत तुळईकडे पाहिलं.

"टांगल्या होत्या?"

मामा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"मान आभाळाकडे ताणली की जनावराला गिळता येत नाही. औषध थेट श्वासात जातं. पाण्यात बुडवण्यासारखंच आहे हे, फक्त मरायला दिवस लागतात." बाई हातमोजे काढू लागल्या. "मुलांनी ही मेंढी राखली म्हणून कळलं. नाहीतर मी पाल्याची विषबाधा समजून उपचार केले असते आणि उरलेल्याही गेल्या असत्या."

मावशी मामाच्या समोर जाऊन उभी राहिली. "तुला कधी कळलं?"

"ताई, मला वाटलं लवकर..."

"कधी कळलं?"

"पहिली खोकायला लागली तेव्हा," मामा हळूच म्हणाला. "तेव्हा शंका आली."

"आणि तू ह्या पोराकडे बोट दाखवलंस?"

मामाने भोपळ्याकडे पाहिलं. भोपळ्या पुढे आला. "मामा, मी हात धूत होतो ते तू बघत होतास ना? मग सांगितलं का नाहीस?"

मामा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलांना त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आलं, आणि त्यातलं कुठलंच पुढे कमी झालं नाही.

उरलेल्यांना रोज सुई टोचायची होती. मावशीचा एक हात गळ्यात. मामा "मी धरतो" म्हणाला, तेव्हा मावशीने त्याला पाणी वाहायला लावलं. धरण्याचं काम मुलांकडे आलं. मागचा भाग कोपऱ्यात, गुडघा खांद्याला, तळवा हनुवटीखाली. भोपळ्या पहिल्यांदा दारातच अडला. मावशीने एका हाताने त्याचा हात धरून मेंढीच्या जबड्याखाली ठेवला. मेंढी थरथरली आणि मग शांत उभी राहिली.

"शाबास," डॉक्टरीणबाई सुई भरता भरता म्हणाल्या. "मोठमोठ्या माणसांना असं धरता येत नाही. आणि तुम्ही दोघं, वकीलसाहेब आणि ही आरडाओरड करणारी, तुमच्या नजरेला दाद द्यायला हवी."

"ह्या तिघांनी माझा वाडा वाचवला," मावशी म्हणाली. तिने टिटवीचं डोकं आपल्या कुशीत इतकं दाबलं, की प्लास्टर टिटवीच्या कानाला लागलं.

सगळ्या वाचल्या नाहीत. एक म्हातारी मेंढी सुई घेऊनही उठेना. भोपळ्या तिच्याजवळ बसून राहिला. मान खाली पडू नये म्हणून त्याने तिची हनुवटी तळव्यावर धरली होती. श्वासातली घरघर हळूहळू कमी झाली आणि मग थांबली. टिटवी दारातून बघत होती. तिला वाटलं, आता हा पुन्हा हौदाकडे पळेल.

भोपळ्या जागचा हलला नाही. त्याने मेंढीचं डोकं अलगद खाली ठेवलं, कपाळावरून एकदा हात फिरवला आणि तिच्या लोकरीत तोंड खुपसून मोठमोठ्याने रडू लागला.