निवळलेलं पाणी

झुल्फिकारच्या मरणानं कुणाचं फावलं, हे कापूरहोळच्या धाब्यावर कुणीही सांगितलं असतं. मानसिंगला ओढा मोकळा झाला. त्याच्या साड्या रंगवायच्या कारखान्याचं लाल पाणी झुल्फिकारच्या मशीनमधून निवळूनच ओढ्यात जाई. मशीन तपासणीपुरतंच चालवावं, असं मानसिंगचं म्हणणं. झुल्फिकार ऐकेना. प्रदूषणवाल्या साहेबांना सांगतो म्हणाला, आणि दुसऱ्याच सकाळी लोडशेडिंगमध्ये मशीनपाशी मेला.

"मानसिंगचंच काम," झुल्फिकारची बायको गुलनाज सुलक्षणाबाईंना म्हणाली. खासगी तपासात बाईंचं नाव पार पासली गावापर्यंत होतं. "पण जो असंल त्याला सोडू नका."

"जो असेल त्याला?"

"व्हय. जो असंल त्याला."

मानसिंग खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "म्या तवा भोरला कचेरीत हुतो, इचारा कुणालाबी. माणूस लई हट्टी. त्याच्या हाताखालचा मेव्हणा खालिद समजूतदार. त्याला म्हन्लं बी हुतं, मशीन तुज्या हाती पायजे. आन् लाईट न्हाई, तर मशीन कसं मारंल?"

"तेच म्हन्तो मी," बाईंचा जीपवाला सोनबा बोलला.

"मशीनमधला कपॅसिटर मारतो, सोनबा," बाई म्हणाल्या. "लाईट गेली तरी तो करंट धरून बसतो."

मशीनच्या शेडमध्ये पाण्यावर दोन सळया टांगलेल्या. त्यांच्या टोकांतून वीज कडाडली की रंगाचं विष तुटायचं. लाईट गेली की झुल्फिकार न्याहारी करून येई, तारेची काठी टेकवून करंट जमिनीत उतरवी, मग सळया पुसी. काठीची तार चिकटपट्टीच्या आत कापलेली होती; करंट जमिनीत उतरलाच नव्हता.

निवळलेल्या पाण्याच्या ड्रममध्ये बाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकल्या. "आंबट."

"विजेनं आंबतंच," मागोमाग आलेला मानसिंग म्हणाला. "डरम रोज सकाळी नवा भरतो. सळया पुसल्या की झुल्फिकार चुना टाकायचा, मग चहासुदा व्हायचा त्याचा. त्या दिशी चुना ऱ्हायला, हा त्योच डरम. लाईट गेली की नळ कोरडा, मग समदी हितलंच पाणी नेत्यात."

शेजारच्या खोलीत खालिद सुजल्या डोळ्यांनी बसला होता. "आदल्या सांजेपासून शेडात पाय न्हाई टाकला, बाई. दिवसच वंगाळ. लाईट गेल्यावर चहा टाकला, त्योबी फाटला. फुलाबाईचं दूध नासकं."

फुलाबाई भडकली. "माजं दूद नासकं? त्याच चरवीतलं धाब्यावर दिलंय, जा इचारा!" धाब्यावर कुणाचा चहा फाटला नव्हता.

सगळ्यांना गुलनाजच्या ओसरीवर बसवून बाई म्हणाल्या, "गुलनाज, अजून थांबता येईल."

"बोला तुमी."

"खालिदचा चहा फाटला. दूध चांगलं होतं, म्हणजे पाणी आंबट होतं. नळ कोरडा. आंबट पाणी फक्त त्या सकाळच्या ड्रममध्ये. झुल्फिकार न्याहारीला गेला तेव्हा कुणीतरी शेडमध्ये शिरलं, तार कापली आणि जाताना चहाला पाणीही घेतलं. चुना पडला असेल, असं सवयीनं धरून चाललं. कोण, खालिद?"

खालिद बहिणीकडे बघेना. "फाटल्याला चहा वतून टाकत हुतो, आपा," तो पुटपुटला. "तवाच दाजी पडल्याला आवाज आला."

"आन् तू?"

"भांडं इसळलं."

गुलनाज रडली नाही. "न्या त्याला," एवढंच म्हणाली.

मानसिंग पँट झटकत उठला. "मशीन चालवनारे दोघंबी गेले. आता आमी काय करनार?"

"बाई, ह्याला कायच न्हाई?" सोनबानं विचारलं.

"यानं कशालाच हात लावला नाही, सोनबा."

परतताना पुलाखाली ओढा लाल वाहत होता. गुलनाजचा नवरा गेला, भाऊ गेला. मानसिंगचा चुन्याचा खर्चही वाचला.