उलट्या आट्यांचा बोल्ट

भुजंग सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर. इंजिन बिघडलं की लोक देवाचं नाव घ्यायचे, भुजंग पाना घ्यायचा. पाथरीहून सेलूला परतताना भर दुपारी मोटारीचं डावं मागचं चाक डगमगू लागलं, तेव्हाही तो घाबरला नाही. नुसता चिडला.

मोटार जिनिंगचे मालक दिनकररावांची. मागं भुजंगची लेक कमल, दोन दिवसांपासून अडलेली, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बायको धुरपताबाई. हंगामाच्या गडबडीत लेकीला बाळंतपणाला पाथरीच्या सासरहून माहेरी आणायचं भुजंगनं आज-उद्यावर ढकललं होतं. आता सेलूला चारची गाडी गाठून परभणीच्या दवाखान्यात न्यायचं. गाडी चुकली तर पोर हातची जाईल, असं सुइणीनं तोंडावर सांगितलं होतं.

"सकाळी ग्रीस भराया चाक खोलत व्हतो, मिस्तरी," ड्रायव्हर येडबा म्हणाला. "लय जोर लावला. निघालंच न्हाई."

"डावीकडं फिरवून?"

"मग कसं खोलत्यात?"

भुजंगनं कपाळाला हात लावला. या मोटारीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे, उजवीकडं फिरवलं की सुटणारे. खोलायच्या नादात येडबानं नट आवळून आवळून दोन बोल्ट तोडले होते आणि तिसरा वाकवला होता. उरलेल्या दोन बोल्टांवर चाक टिकणार नव्हतं, तिनांवर सेलूपर्यंत रेटता आलं असतं. पिशवीत एक जादा बोल्ट होता, तेवढंच नशीब.

जॅक लावून, छिन्नीनं नट फोडून त्यानं चाक उतरवलं. वाकडा बोल्ट आता मागं ठोकून काढायचा आणि त्याच्या जागी जादा बसवायचा.

पहिला घाव घातला आणि कमल किंचाळली.

कळ आली असेल. दुसरा घाव. पुन्हा किंकाळी. हातोडा थांबला, तशी तीही थांबली. धक्का बसत असेल म्हणून त्यानं शेजारी ब्रेकच्या ड्रमवर सणसणीत दणका दिला. मोटार हादरली, आत चिडीचूप. मग त्यानं वाकड्या बोल्टवर फडक्याची घडी ठेवली आणि अगदी हलकेच ठोकलं. कमल गुरासारखी ओरडली.

"आवं, ठोकू नका!" धुरपताबाई रडायला लागली. "तुमी तिच्या पोटातच ठोकायलाव!"

"न्हाई ठोकलं तर हितंच मरंल ती."

बाभळीची सावली रस्त्यावर आली होती. तीन कधीच वाजून गेले असतील. भुजंगनं हातोडा पुन्हा उचलला, पण घाव घालवेना.

आतून कमलचा आवाज आला, शांत. "बा, काढून टाका एकदाचं."

त्यानं डोळे मिटले आणि घाव घातला.

बोल्ट मातीत पडला.

कुणी ओरडलं नाही.

नवा बोल्ट बसला, चाक चढलं. गाडीही मिळाली. पण परभणीच्या फलाटावर उतरवून घेतलं तेव्हा कमल थंड पडली होती. पोटातलं पोरही तिच्याबरोबर गेलं.

चौदाव्या दिवशी भुजंग कामावर आला. जर्मनीच्या लढाईमुळं नवं लोखंड मिळत नव्हतं. येडबानं रस्त्यावरून उचलून आणलेला तो वाकडा बोल्ट सरळ करून ठेवायला दिनकररावांनी सांगितलं होतं. भुजंगनं तो ऐरणीवर धरला आणि हलकेच हातोडी मारली.

कोवळं रडणं उठलं.

जेवणाची सुट्टी होती. आवारात कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा हातोडी मारली नाही, तरी रडणं थांबेना.

त्यानं बोल्ट फडक्यात गुंडाळला, छातीशी धरला. रडणं थांबलं.

तो तसाच घरी गेला. धुरपताबाई दारात उभी होती. तिची नजर फडक्यावर गेली.

"भूक लागली आसंल त्याला," ती म्हणाली, आणि हात पुढं केले.