प्रतिकंप

केतकीच्या अंगठीचा खडा सकाळच्या उन्हात गाडीच्या छतावर एक कवडसा पाडत असे. तांदळाच्या दाण्याएवढा. तिचा नवरा निरंजन गाडी चालवत असला आणि ती शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेली असली, की तो कवडसा गाडीच्या हेलकाव्यांबरोबर संथ सरकत राही. ती स्वतः चालवायला बसली की तो थरथरू लागे. वळणावर किंवा खड्ड्यातच नव्हे, सरळ, गुळगुळीत रस्त्यावरही, एकाच जागी राहून, पाण्यात पडलेल्या चांदणीसारखा.

कंपने मोजणे हे तिचे काम होते. कोल्हापूरबाहेरच्या एका टेकडीवर तिची प्रयोगशाळा होती, आणि तिथे बसून ती जुन्या पुलांची आणि धरणांच्या भिंतींची थरथर ऐकत असे. त्यामुळे कवडशाकडे एकदाच नीट पाहून तिच्या मनाने आपणहून हिशेब केला. सेकंदाला सुमारे पाच वेळा. ही लय तिच्या ओळखीची होती. आईला कंपवात झाला तेव्हा तिची बोटे याच लयीत चादरीवर हलत असत.

त्या दिवसापासून तिने कवडशाकडे पाहणे सोडले आणि गाडीबद्दल बोलणेही.

गाडी खरे तर अजून त्यांची नव्हती. छोटी, उंच बैठकीची, धुक्याच्या रंगाची ती क्रॉसओव्हर कंपनीने ओळखकाळासाठी, म्हणजे चालकाचा हात शिकून घेण्यासाठी, दिली होती. शहरातल्या बहुतेक गाड्या आता आपल्या आपणच चालत; पण घाटरस्त्यांवर माणसाचा हात स्टिअरिंगवर असावा असा नियम होता, आणि निरंजनला तर घाटाशिवाय दुसरा रस्ता रस्ता वाटतच नसे. ओळखकाळ संपला की दोनच पर्याय होते. लीजवर घेतली तर तीन वर्षांनी गाडी परत जाणार, तिने शिकलेले सगळे पुसले जाणार आणि नवी कोरी गाडी दारात येणार. विकत घेतली तर ती शिकलेले काहीच विसरणार नव्हती; मालकाबरोबर म्हातारी होणार होती.

शोरूममधला अवधूत नेमाने फोन करी. "वहिनी, काय ठरलं मग?" असे विचारी आणि लीजचे फायदे सांगून विकत घेण्याचेही तितक्याच उत्साहाने सांगे. केतकी त्याला निरंजनला विचारायला सांगे. निरंजन म्हणे, घरातले निर्णय प्रोफेसरबाई घेतात, आम्ही फक्त हवा भरतो. असे करत करत ओळखकाळाची मुदत दोनदा वाढवून झाली.

केतकीला तीन वर्षे हा आकडा खुपत होता; तेवढी तरी आपला हात टिकेल का? विकत घेणे म्हणजे पुढची दहा-पंधरा वर्षे आपण हे चाक धरू असे म्हणणे. लीज घ्यावी तर निरंजन कारण विचारणार, आणि कारण एकच होते. जगातल्या कुठल्याही भिंतीची थरथर मोजणारी ही बाई स्वतःचा हात मात्र संवेदकाखाली ठेवत नव्हती. मोजले नाही तोवर ते झालेले नसते, असे ती मनाशी म्हणे, आणि हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने उच्चारले असते तर तिने त्याला वर्गाबाहेर काढले असते.

शेवटी ते आपोआपच घडले. तिची सहकारी तबस्सुम मुल्ला नव्या संवेदकाची तपासणी करत होती. पूर्वी वाहनांच्या रचनेचे काम केलेली, बोलायला मोकळी अशी ही मिरजेची मुलगी. पडद्यावरून नजर न काढता तिने सांगितले, "मॅडम, जरा हात ठेवा ना इथं. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे."

नाही म्हणायला कारण सुचले नाही. केतकीने तळवा पट्टीवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिले. खालच्या शिवारात गुऱ्हाळाचा धूर उसाच्या फडावर आडवा पडून राहिला होता, जणू जागे व्हावे की नाही हे त्याचे ठरत नव्हते.

"झालं. काढा हात."

"किती आलं?"

"किती म्हणजे? काहीच नाही. नाडी दिसतेय फक्त. मॅडम, तुमचा हात म्हणजे लादी आहे लादी."

केतकीने तिला पुन्हा मोजायला लावले. हातात वजन घेऊन मोजायला लावले, मुठीत गोल कडे धरून मोजायला लावले. प्रत्येक वेळी पडद्यावर तीच शांत रेघ उमटली. मग ती स्टुलावर बसली आणि तिने छतावरच्या कवडशाची सगळी गोष्ट सांगितली. गाडी चालकाच्या हाताची बारीक थरथर शोषून घेते, असे माहितीपत्रकात होते; तरीही आपला हात हलतो, म्हणजे आपला कंप गाडीच्याही आवाक्याबाहेरचा असणार, असे तिने धरून ठेवले होते.

तबस्सुमने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हे तंत्र बनवणाऱ्या गटात ती स्वतः होती.

"आवाज मारणारे हेडफोन असतात ना, तसंच आहे ते," ती म्हणाली. "बाहेरच्या आवाजाची उलटी लाट सोडायची, दोन्ही मिळून शांतता. इथं हाताच्या कंपाची उलटी लाट स्टिअरिंग सोडतं. प्रतिकंप. पण हात हलल्यावर सोडला तर उशीर होतो. म्हणून गाडी तुमचा कंप शिकते आणि हात पडल्या पडल्या अंदाजानं सुरुवात करते. मग खऱ्या कंपाशी जुळवून घेते."

"आणि खरा कंप सापडलाच नाही तर?"

"तर शोधत राहते."

दोघींना ते एकाच वेळी दिसले. स्थिर हाताखाली स्टिअरिंग थरथरत होते, कारण ते एका थरथरीची वाट पाहत होते. ती थरथर केतकीची नव्हती.

"पण गाडी माणूस ओळखते," तबस्सुम म्हणाली. "प्रत्येक चालकाची हस्तमुद्रा वेगळी नोंदवतात. एकाचा प्रतिकंप दुसऱ्याला जाणारच नाही. नोंद कशी केली होती तुमची?"

केतकीला शोरूम आठवले. गाडीच्या नाकावर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, अवधूतने फोडलेला नारळ. मग अवधूतने निरंजनला स्टिअरिंगवर तळवा ठेवायला सांगितले होते, आणि घरातल्या प्रत्येक पूजेत नवरा पळीने पाणी सोडताना बायको त्याच्या हाताला हात लावते तसा तिने सहजपणे त्याच्या हातावर आपला हात ठेवला होता. अवधूतला ते इतके योग्य वाटले होते की त्याने फोटो काढला होता.

तबस्सुमने कपाळाला हात लावला. "दोन माणसांचा एकच हात नोंदवला तुम्ही. आम्ही चाचण्या घेतल्या तेव्हा हातमोजे घालून घेतल्या, मेंदी लावून घेतल्या. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही." मग तिचा आवाज उतरला. "जास्त गाडी कोण चालवतं?"

केतकीसमोर वर्षभरातल्या लहान लहान गोष्टी धुक्यातून झाडे पुढे यावीत तशा एकेक करून पुढे येत होत्या. निरंजनने बटणांचे शर्ट सोडून झब्बे घालायला सुरुवात केली होती. चहा तो वाटीतून, दोन्ही हातांनी पिऊ लागला होता आणि याला जपानी पद्धत म्हणत होता. मोबाइलवर लिहिण्याऐवजी बोलत होता. फिरायला गेला की हात मागे बांधून चालत होता, आणि त्यावरून तिने त्याला हेडमास्तर म्हणून चिडवले होते. आणि दूध आणायलासुद्धा तो गाडी काढत होता.

निघताना तिने तबस्सुमला आणखी थोडे विचारले. नोंद सुधारता येते का? येते, पण शिकलेले पुसून. गाडीला पुन्हा शिकायला काही महिने लागतील आणि तोवर हातांना प्रतिकंपाचा आधार नसेल. न पुसता? मग एकाच हाताची ठेवावी, दुसऱ्याने ती चालवू नये. आणि कंप वाढत गेला तर? गाडीही त्याच्याबरोबर वाढेल, तबस्सुम म्हणाली. जिथे तिला झेपणार नाही तिथे ती स्वतःच सांगेल आणि जागेवर उभी राहील. तेवढे तिला शिकवलेले आहे.

रविवारी सकाळी ते गगनबावड्याला निघाले. गाडी निरंजन चालवत होता. घाटमाथ्यावर धुके इतके दाट होते की रस्ता चार-पाच हात पुढे तयार होत होता आणि मागे विरत होता. गाडीला आवाज नव्हता. निरंजनचे हात स्टिअरिंगवर पाण्यावरच्या पानांसारखे निवांत पडले होते. केतकीला वाटले, हे हात असेच तरंगत राहिले तर काहीच सांगावे लागणार नाही.

कड्याजवळच्या मोकळ्या जागेत तिने त्याला थांबायला सांगितले. गाडी थांबली. त्याने हात स्टिअरिंगवरून काढून झब्ब्याच्या खिशात घातले.

मग तिने सांगितले. कवडसा, आईची बोटे, प्रयोगशाळेतली सरळ रेघ, उलटी लाट. कुठेही घाई न करता, वर्गात सांगावे तसे. निरंजन समोरच्या पांढऱ्यात पाहत ऐकत राहिला. तिचे बोलणे संपल्यावर त्याने उजवा हात खिशातून काढला आणि दोघांच्या मध्ये आसनावर ठेवला. हात थरथरत होता, सेकंदाला सुमारे पाच वेळा.

"मला वाटलं, गाडीत बसलं की बरं होतं," तो म्हणाला. "इथं हे हात माझे असतात. घरी आलो की दुसऱ्या कुणाचे तरी. म्हणून तुला विचारत नव्हतो, घ्यायची की लीजवर ठेवायची. तू कारण शोधून काढलं असतंस."

"आणि मी तुला विचारत नव्हते."

"माझी थरथर तुझ्या हातात जात होती. आणि तू वर्षभर एकटी घाबरत होतीस. परत देऊन टाकू ही गाडी. लीजवर नवी घे, कोरी. तुझ्या एकटीच्या हाताची."

केतकीने त्याच्या हातावर हात ठेवला नाही. शेजारी ठेवला, बोट बोटाला लागेल इतक्या अंतरावर. एक थरथरता आणि एक स्थिर. इथे कुणी कुणाला शांत करत नव्हते. धुके काचेवरून हळूहळू वर सरकत होते आणि खाली दरीत कोकणाचा एक हिरवा तुकडा उघडत होता, मिटत होता.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली. "ते नको म्हणाले तर नाही. हो म्हणाले, आणि ही स्वतःहून थांबत नाही तोवर, तू चालवायचीस. मी चाकाला हात लावणार नाही."

"प्रोफेसरबाई, लीजचं काय ते बोला. अवधूत मला रोज छळतो."

तिने एकदा त्याच्या हाताकडे पाहिले, आणि नजर न हटवता म्हणाली, "विकत घेऊ, निरंजन. फक्त तुझ्या हाताची."