कोंडाबाईची बाज

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या कचेरीतल्या कपाटांवर नव्या रंगाखालून जुनं ‘उस्मानाबाद’ वाचता यायचं. मी तिथं विहिरींची पाणीपातळी मोजायचे. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मोजण्यासारखं पाणीच उरलं नव्हतं. चाळीस गावांच्या टँकरची मंजुरी मुंबईच्या बैठकीवर अडली होती, आणि ती बैठक अचानक दोन दिवस अलीकडे आली.

"पंचशीलाबाई, आकडे तुमचे. तुम्हीच जा," अण्णाराव साहेब म्हणाले. "नांदेडहून विमान आहे."

साठ फूट खोल विहिरीत मी दोर धरून उतरत असे. तिथं तळ दिसतो. विमानाखाली काहीच नसतं, या नुसत्या विचारानं माझे तळपाय ओले व्हायचे.

आदल्या दिवशी मी मुदखेडला मायकडे गेले. माझी माय, कोंडाबाई, स्टेशनामागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. मी ताटावरून तशीच उठले, तेव्हा तिनं कारण विचारलं. सांगितल्यावर हसली नाही. माझे हात हातांत घेऊन बसली.

"लई भ्याव वाटून राहिलं का?"

"हाव."

"मग ते ठिव माझ्यापाशी. तू मोकळी जा."

विमान लहान होतं, अठरा जणांचं. दार लागलं. चाकं सुटली तेव्हा मी डोळे मिटून खुर्चीचा दांडा आवळला होता, दातावर दात वाजत होते. आणि मग सगळं थांबलं. भीती ओसरत गेली असं नाही. एका क्षणी होती, दुसऱ्या क्षणी नव्हती. मी डोळे उघडले आणि सवयीनं वहीत वेळ लिहिली. अकरा वीस. खाली गोदावरीचं कोरडं पात्र, करपलेली रानं, अर्धापूरकडे केळीच्या बागांचे चार हिरवे तुकडे. विमान डावीकडे कललं आणि मला चक्क मौज वाटली.

टँकर मंजूर झाले. चौथ्या दिवशी मी विमानानंच परतले, हौसेनं, आणि नांदेडहून थेट मुदखेड गाठलं. मायला सगळं सांगायचं होतं.

दारातच शेजारच्या सुभद्राबाई उभ्या होत्या.

"बरं झालं आलीस. तुझी माय बाजेवरून उतरून न्हाई राहिली. तू गेलीस त्याच दिवशी, साडेअकराच्या गाडीच्या आधी वरडली. तवापून तशीच."

"डॉक्टर?"

"येऊन गेले. पाय चांगले हायत म्हणले."

माय बाजेच्या मधोमध बसली होती. दोन्ही मुठींत बाजेचा सुंभ. बोटांची सालं निघाली होती. बाज जमिनीपासून हातभर उंच.

"माय, मी आले."

"कडेला येऊ नको," ती पुटपुटली.

"खाली फरशी हाय, माय."

तिनं मान जराशी कडेकडे नेली आणि डोळे गच्च मिटले.

"रानं दिसून राहिलीत. केळीच्या बागा. लई बारीक."

माझी माय जन्मात कधी जिना चढली नव्हती.

मी तिच्या मुठी सोडवू लागले. सुटेनात.

"ते माझं हाय, माय. मला परत दे."

"न्हाई." ती हळूच डावीकडे कलली, तशीच राहिली, मग सरळ झाली. "मी सोडलं की तू पडशील."

"मी उतरले, माय. ही बघ, तुझ्यापाशी बसले."

तिचे ओठ फुटले होते. मी माठातलं पाणी पितळी फुलपात्रात घेतलं आणि तिच्या तोंडाला लावलं. तिनं मान झटकली. फुलपात्र माझ्या हातून निसटलं, बाजेच्या कडेवरून खाली गेलं.

खाली शहाबादी फरशी होती.

मी थांबले.

बाहेर गाडी आली, थांबली, निघून गेली.

फुलपात्राचा आवाज अजून आला नव्हता.