विहीर फुंकते तेव्हा

कंदील असू द्या इथेच. सांगतो.

१९५६ च्या ज्येष्ठात मी बनारसहून भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी परतलो. पेटीत वायुदाबमापक होता, आणि या अडाणी गावाला शहाणं करायचंच, असा निश्चय.

पिण्याच्या विहिरीतला गाळ पावसाआधी काढायचा होता. विहीर खडकातली, खोल. काठावर काडीला एक चिंधी बांधलेली असे. कधी ती आत ओढली जाई, कधी बाहेर फडफडे. बाहेर फडफडली, की त्या दिवशी कोणी उतरत नसे. काय हे शास्त्र!

त्या दुपारी वारा अजिबात नव्हता, तरी चिंधी बाहेर उडत होती. विहिरीतून ओल्या दगडाचा शिळा वास येत होता.

"विहीर फुकून राह्यली, भाऊ," गिरजा म्हणाली. "आज नाई." तिचा नवरा लच्छू कमरेला दोर बांधून बसून होता.

मी हसलो. "पाऊस जवळ आला की वरच्या हवेचा दाब उतरतो. मग भेगांतली हवा बाहेर येते. एवढंच! लच्छू, काऊन रे, बायकोचं लुगडं नेसतोस का?"

लोक हसले. लच्छू उठला. "उतरतो ना जी."

"हाक मारत राहा, भाऊ," गिरजा पुटपुटली.

दोर तळाशी पोचला. मी ओरडलो, "लच्छू!"

"हो, भाऊ..."

अर्धा तास मी काठावरून दाबमापक दाखवत गावाला शिकवलं. मधूनमधून हाक दिली. दर वेळी तेच उत्तर आलं.

"पण दोर हालत नाई, भाऊ..." गिरजा म्हणाली.

आम्ही ओढलं. लच्छू दोराला लोंबकळत वर आला. गार.

डॉक्टर म्हणाले, तळाशी पोचताच गेला असावा. भेगांतून येणाऱ्या हवेत प्राणवायू जवळजवळ नसतो. हे माझ्या पुस्तकात होतं. ते पान मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या चिंधीला माझ्याहून जास्त कळत होतं.

मग अर्धा तास उत्तर कोण देत होतं? प्रतिध्वनी, असं मी पंचांना ठासून सांगितलं. पण प्रतिध्वनी आपलेच शब्द परत करतो. मी तर नुसतं "लच्छू" म्हणत होतो.

विहीर बुजवून आता वर्ष झालं. दाबमापक मात्र माझ्या टेबलावर आहे. काटा उतरला, की या बंद खोलीत ओल्या दगडाचा वास येतो. आणि मग...

"हो, भाऊ..."

मी हाक मारलेली नसते.