एकुलता नर

धम्मशीलाला माशी सापडली तीही कुठं, तर वडनेर भोलजीला, बापाच्या विहिरीवर. मी वीस वर्षं ज्ञानगंगेच्या जंगलात जाळी घेऊन फिरलो, बोथ्याच्या घाटात अंगावर गोचिड्या चढवून घेतल्या, आणि मला मिळाले ते पाठ्यपुस्तकातले किडे. ही बया दिवाळीला घरी जाते, पाणी शेंदायला वाकते, तर ओल्या दगडावर तांदळाच्या कणीएवढी, हिरवीगार, लांब पायांची माशी बसलेली. जगात कुणी न नोंदवलेली. सरळच सांगतो, माझा जळफळाट झाला.

खामगावच्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख. धम्मशीला माझीच विद्यार्थिनी, आता आमच्याकडेच तासिकेवर शिकवते. नव्या जातीचं वर्णन छापून आलं की जातीच्या नावामागं वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं, ते कायमचं. हा पेपर छापला असता तर पक्क्या जागेच्या मुलाखतीतही तिचं वजन पडलं असतं. जातीला स्वतःचं नाव मात्र द्यायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. गावाचं द्यावं, आईबापाचं द्यावं. तिनं नाव ठरवलं होतं, पण सांगत नव्हती; कागदावरही ती जागा कोरी ठेवली होती.

"मायचं देशीन, सिंधूताईचं," मी म्हणालो.

"पाहू न सर," म्हणून ती हसली. ते हसूही मला टोचलं.

विहिरीवर माद्या पुष्कळ मिळाल्या, नर एकच. या माश्यांची जात ओळखायची ती नरावरून, त्यामुळे सगळं वर्णन त्या एकुलत्या नराचं. तिनं त्याला बारीक सुईवर टोचलं, खाली चिठ्ठी लावली, शाईचा ठिपका ठिपका जोडून त्याचं चित्र काढलं आणि तपासायला माझ्यापुढं ठेवलं. माझ्या सहीशिवाय कागद पुढं जाणार नव्हते.

मी सूक्ष्मदर्शकाला डावा डोळा लावला. उजव्यात मोतीबिंदू पिकत आलाय. चित्र इतकं सुंदर होतं की फाडून टाकावंसं वाटलं. मग मला चूक सापडली. माशीच्या पुढच्या डाव्या पायाचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. चित्रात ते सरळ होतं.

"काऊन धम्मशीला, पाय वाकडा अन् तू सरळ काढला?"

तिनं बराच वेळ पाहिलं. "सरळच होता न सर. फोटोत पाहा, सरळ हाय."

फोटोत खरंच सरळ होता. "तुह्या हातानं मुडपला असन," मी म्हणालो आणि कागद परत दिले. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो. हात धुताना डाव्या हाताची करंगळी दिसली. लहानपणी कबड्डीत मोडली, तेव्हापासून बाहेर वळलेली. रोजचीच ती, पण त्या दिवशी मी जरा जास्त वेळ पाहिली.

तिनं पाय दुरुस्त करून नवं चित्र आणलं. मी पुन्हा पाहिलं. आता माशीचा उजवा डोळा दुधाळ झाला होता. डावा लखलखीत हिरवा, उजव्यावर साय धरल्यासारखी.

"बुरशी लागली. डबीत ओल जाऊ दिली तू."

"डबी तं तुमच्या कपाटात होती सर. चावीबी तुमच्याकडेच."

मी खिशातली चावी चाचपली. ती हळूच म्हणाली, "मले माह्याच डोळ्यावर भरोसा नाही राह्यला."

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. उलट मी शेवटची अट घातली. नर उघड. पोटाचं टोक काप, गरम पोटॅशच्या द्रावणात टाक. आतलं मांस विरघळतं, नुसतं कवच उरतं आणि नराची खरी ओळख दिसते. नमुना एकच असला की भले भले हे करायला कचरतात. हात चुकला की संपलं. तिचा हात चुकावा, एवढंच मला हवं होतं.

कापायच्या दिवशी कॉलेजला येताना स्कूटरच्या सायलेन्सरनं माझी उजवी पोटरी भाजली. मलम लावून मी दुपारी प्रयोगशाळेत गेलो. माशी उडू नये म्हणून पंखा बंद होता. बाहेर कापसाच्या जिनिंगची घरघर चालली होती. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळत होतं आणि त्यात द्रावणाची नळी उभी होती.

कापण्याआधी मी एकदा पाहून घेतलं.

माशीच्या मागच्या उजव्या पायावर तांबूस, गोल डाग होता. ताजा.

माझी पोटरी पँटखाली चुरचुरत होती.

"नाव कोणाचं देलं तू?" मी विचारलं.

"तुमचंच सर. गोकुळचं लॅटिनात गोकुळी. टोचली त्याच दिवशी चिठ्ठीच्या मागच्या अंगाले लिवलं. मले शिकवलं कोणं?"

मी स्टुलावर बसलो.

"सर, तुम्ही म्हणान तं नाही कापत. वर्णन बरोबर हाय म्हणा, बस."

तेवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. मग डोळ्यांपुढं छापलेलं पान आलं. आधी माझं नाव, माशीचं म्हणून. त्याच्यामागं तिचं आडनाव, शोधणारीचं म्हणून. जगात जिथं जिथं छापतील तिथं तिथं, मी मेल्यावरही. ते मला सोसवेना.

"काप," मी म्हणालो.

कात्रीचा आवाजसुद्धा झाला नाही. तिनं तो कण सुईच्या टोकावर उचलला आणि नळीत सोडला.

मला कमरेखाली ऊब वाटली. थंडीत ऊन पाण्याच्या घंगाळात बसावं तशी. बरीच वाटली.

"जमलं सर! काहीच तुटलं नाही." तिचे डोळे भरून आले होते. "या न, पाहा."

उठावं म्हटलं. बूट फरशीला टेकलेत की नाही, ते कळेना.

"तूच सांग," मी म्हणालो. "काय दिसते?"

ती भिंग घेऊन नळीवर वाकली. "आतलं सारं विरघळून राह्यलं सर. नुसतं कवच उरलं. कसं साफ!"

मी टेबलाखाली हात घातला आणि मांडीवर टिचकी मारली.

पोकळ वाजली.